ओफेलिया इरिगारायची ऑर्डर

हे बघ वॉशिंग्टन, आधी तो कॅटलॉग मिट.
झाकणावरचा उष्णतेचा काटा मला नको,
आच किती ते माझ्या तळहाताला कळतं.
चाळीस वर्षं मी टोमॅटो चिरले
आणि एबेरच्या पाठीकडे बघून ओळखत आले
मांस आता उलटायला हवं,
आणि हा काही उलटणार नाही.

उंची माझ्या कोपराएवढी. तुझ्या नव्हे.
घे माप, फीत गार असली तरी चालेल.
जाळी वर-खाली करायचं चाक
डाव्या बाजूला लाव. मी डावखुरी.
ताक्वारेम्बोत हे फक्त शाळेतल्या बाईंनी लक्षात ठेवलं,
तेही पट्टीने.

सळया गोल नकोत, पन्हळीसारख्या वाकव,
पुढे किंचित उतरत्या,
म्हणजे चरबी निखाऱ्यावर न ठिबकता
वाटीत येईल. ती वाटी निघणारी हवी,
घासायला शेवटी मीच आहे.

लाकडं जाळायचा पिंजरा बाजूला, वेगळा.
कोरोनीयाचं लाकूड घाई करत नाही,
फुलतं, ढासळतं, मग कुठे कामाचं होतं.
एबेर ज्वाळेवरच टाकायचा सगळं.
बाहेरून कोळसा, आत रक्त,
आणि पाहुणे म्हणायचे, वा!

रंगाचं तूच ठरव.
नाही, थांब, रंगच नको. रंग पोपडे धरतो.
तेलाचं बोट मी फिरवीन.

चाकं?
खाली चाकं मुळीच नकोत.
चाकं असली की कुणीतरी ढकलत नेणार
गॅरेजमागे, जुन्या जागी, बायकांच्या नजरेआड.
चार पाय दे, जड,
संत्र्याच्या झाडाखाली सिमेंटमध्ये रोवायचे.
तिथून रस्ता दिसतो.

किती माणसांसाठी, ते विचारू नकोस.
लिही, दोन.
खोड ते.
एक अख्खी बरगडी आडवी मावली पाहिजे, इतकं लिही.
रविवारी कोण येईल, कोण रुसेल,
ते लोखंडाला कशाला सांगायचं?

ही तुझी दुकानातली जाळी, पेटलेली आहे ना?
बघू.
सातपर्यंत हात टिकला तर मांस ठेवायचं,
तीनवरच मागे आला तर जाळी उचलायची.
एक. दोन.
ट्रकमध्ये बसलाय तो, आत यायला तयार नाही.
तीन.
हॉर्न वाजवतोय.
चार.
वाजवू दे.
मी पाचवर आहे.