गांधी उठल्या होत्या का

रात्रपाळी. गोवंडीचं पालिका रुग्णालय,
वॉर्ड चौदा, खाट बाविसावी.
हौसाबाई पवळे. ताप एकशे तीन,
लघवीला आग, बोलणं जरा भरकटलेलं.
रक्त कल्चरला गेलं, मगच डॉक्टरांनी लिहिलं:
सेफ्ट्रायॅक्सोन, एक ग्रॅम, शिरेतून, सावकाश.

वॉर्डातला साठा संपलेला.
किसन, तिचा थोरला, टेम्पो फाटकाशी तसाच सोडून
बाहेरच्या केमिस्टकडून बाटली घेऊन आला.
"सिस्टर, देऊन टाका ना आता."

नाव वाचलं, तारीख वाचली, दहा मिली पाणी सोडलं.
पांढरी भुकटी विरली, फिकट पिवळं, नितळ झालं.
दिव्यापाशी धरलं. कण नाही.
हातात रिंगर चालू होतं, ते थांबवलं,
नळी साध्या सलाईननं धुऊन घेतली;
त्यातल्या कॅल्शियमचं आणि ह्याचं पटत नाही,
आत चुन्यासारखा साका धरतो.

केसपेपरवर दुपारी कुणीतरी लिहिलेलं: अॅलर्जी नाही.
तरी मी विचारते. डाबरे सिस्टरांनी लावलेली खोड.
"मावशी, कुठल्या औषधाची अॅलर्जी?"
"नाय गं."
"रिअॅक्शन आली होती कधी?"
"नाय."
सिरिंज नळीला लावायचीच काय ती बाकी.
"इंजेक्शननं अंगावर गांधी उठल्या होत्या का?"

तिनं डोळे उघडले.
"उठल्या की. ह्याच्या बाळंतपणात.
पेन्शिलीन का काय ते.
व्हट हे एवढाले. श्वास कोंडला.
दोन दिस माझी मी नव्हते."

किसन आईकडे बघतच राहिला.
हे त्याला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

दोन चाळीस. सिरिंज ट्रेमध्ये. डॉक्टरांना उठवलं.
दुसरं औषध ठरून, येऊन, लागेपर्यंत
पाऊण तास गेला.
मी तिच्या नाडीवर बोट ठेवून बसले.
किसन माझ्याशी बोलला नाही.
"नाही"वर आडवी रेघ मारली,
लाल शाईत औषधाचं नाव, गांधी, ओठ, श्वास,
खाली सही, वेळ.
ते पिवळं दहा मिली टाकून दिलं.
पैसे त्याचे होते.

सकाळी ताप शंभरावर. हौसाबाईंची तक्रार:
चहात साखर नव्हती,
आणि इंजेक्शन किती उशिरा दिलं बाईनं.
दिवसपाळीची मुलगी रजिस्टर उघडत म्हणाली,
"रात्री काही झालं नाही ना?"
"नाही," म्हटलं,
आणि किल्ल्या तिच्या हातात दिल्या.