निवडणुकीआधीचं पीठ

बरासानं मक्याच्या पिठाची सहाच पाकिटं दिली.
मी दहा मागितली होती.
"आई, मागची रांग बघ," म्हणाला,
आणि भाव सांगताना माझ्याशी नाही,
तराजूशी बोलला.

रॉकेल पाच लिटर. तेलाला त्याचा वास लागू नये म्हणून
मधे मिठाची पिशवी उभी केली.
एरवी ओमेनाचा डबा शिगोशीग भरून देणाऱ्या
तळ्याकाठच्या बायका
यंदा डब्याच्या काठाशी बोट आडवं धरून मापत होत्या.
त्यांचं तरी काय चुकलं.

मेणबत्त्या. काडेपेट्या.
मोबाईलची रिचार्ज कार्डं, पन्नास-पन्नासची,
कारण गेल्या वेळी तीच आधी संपली होती,
पिठाच्याही आधी.
जो तो कुणाला तरी विचारत होता, आहेस ना?

ओकुंबा हसतो. हे मतदान आहे की दुष्काळ, म्हणतो.
तेव्हा तो सहा वर्षांचा होता.
नऊ दिवस त्याला पातळ पेज दिली मी
आणि सांगितलं, हा खेळ आहे,
जो कमी खाईल तो जिंकेल.
तो जिंकला.
त्याला तेवढंच आठवतं.

भिंतीपलीकडं गाथोनी राहते, शाळेचे गणवेश शिवते.
आमच्यातला पत्रा इतका पातळ
की तिचं मशीन थांबलं की मला जाग येते.
या आठवड्यात तिनं काहीच आणलं नाही,
कोळसासुद्धा नाही.
मी म्हटलं, अगं, तहान लागल्यावर विहीर खणणार का तू?
ती बटणं मोजत होती. मोजत राहिली.
मग म्हणाली,
विहीर बरोबर नेता येत नाही ना.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात शिरलं.
पीठ तो साठवतो
ज्याला दार लावल्यावर घर आपलंच वाटतं.
किसुमूत तिची अकरा वर्षं झाली,
आणि तिच्या आडनावाची त्याहून जास्त.

बुधवारी पहाटे तिच्या दारावर खडूची फुली होती.
ओल्या फडक्यानं पुसली मी.
मग माझंही दार पुसलं, काही नसताना,
दोन्ही सारखी ओली दिसावीत म्हणून.
तिला सांगितलं नाही.
तिनं ओल्या दाराकडं बघितलं आणि विचारलं नाही.

नाकुरूच्या बसचं भाडं तिप्पट.
मुगुरेच्या अंगावर एकावर एक तीन स्वेटर,
पिशवीत जागा नव्हती म्हणून.
घामानं पोरीच्या कानशिलावरचे केस चिकटलेले.
मी दोन पाकिटं पीठ पुढं केलं.
एक घेतलं, एक परत दिलं,
वर किल्ली, आणि न कापलेलं निळं कापड.
आल्यावर दे म्हणाली, की आले तर दे,
कंडक्टर ओरडत होता, मला ऐकू आलं नाही.
पुन्हा विचारायचा धीर झाला नाही हेही खरं.

मतदान झालं. निकाल लागला.
मग त्या निकालाचा निकाल लागायचा राहिला.
दोन रात्री टायर जळाल्याचा वास आला,
तिसऱ्या रात्री फक्त कुत्री.
दुकानं उघडली, बरासानं भाव उतरवला,
माझ्या पाकिटांत पोरकिडे झाले.
आता रोज परातीत पीठ पसरते उन्हात,
किडे स्वतःच चालत निघून जातात,
त्यांना काही घाई नसते.

काल शेवटचं पन्नासचं कार्ड खरवडलं.
बरंच वाजल्यावर तिनं उचललं.
पलीकडं मशीन चालू होतं, कुणाचं तरी दुसरं,
त्याचा आवाज जाड.
खोलीचं विचारलं नाही, कापडाचं नाही,
मी कधी येऊ असंही नाही.
म्हणाली, ओकुंबाची पँट आखूड झाली असेल ना आता?
आतून दोन बोटं कापड राखून ठेवलंय मी,
टाका उसव.