विस्तवावाचून

साडेसहा वेढे.
सहा कमी पडतात, सात घातले की बॅटरी धापा टाकते.
हे मला पुस्तकाने नाही सांगितलं,
जळालेल्या अकरा ट्रान्झिस्टरांनी सांगितलं,
प्रत्येकाने एकदाच, मरताना, चट् असा आवाज करून.

ओउलूत नोव्हेंबरचे साडेतीन म्हणजे रात्रच.
मोबाइलचा कारखाना बंद झाला त्या आठवड्यात
अँटेनाच्या खोलीतून मी एक खोकं घरी आणलं होतं:
केसाएवढ्या तारांचा पीळ, मूठभर कपॅसिटर,
आणि एक ऑसिलोस्कोप, ज्याचं तुटकं बटण
पेन्सिलीच्या तुकड्याने फिरवावं लागतं.
वीस वर्षं लहरी दूर धाडायचं काम केलं.
आता त्यांना बोटाएवढ्या काचनळीत कोंडते आहे.

बाबांसाठी.
तौनो राउतिओला, वेल्डर,
चाळीस वर्षं ज्यांच्या हातात ज्योत सरळ उभी राहिली
त्यांना लायटर पेटवता येत नाही.
अंगठा एक म्हणतो, चाक दुसरंच.
मार्चमध्ये दाढी होरपळली, जूनमध्ये बाही.
पुदिना ते स्वतः वाळवतात, सौनाच्या ओसरीत, दोरीला उलटा टांगून.
त्याची वाफ घेतली की छाती मोकळी होते म्हणतात.
डॉक्टरीणबाई भुवई उचलतात, पण नाही म्हणत नाहीत.

तारेने तापायचं नाही, ही सगळी मेख.
तार गार, काच गार,
आणि मधोमध ठेवलेली पोलादी टोपी
कुणी शिवलेलं नसताना आतून तापत जाते.
वर्गात हे मी समीकरणांनी शिकले.
घरात आईकडून: ती नुसती दारात येऊन उभी राहायची
आणि बाबा बोलता बोलता लाल होत जायचे.

दोनशे अंशांजवळ टोपीतली चकती उलटते.
टक्.
थांब, असा त्याचा अर्थ.
पण घणाच्या आवाजात आयुष्य गेलेल्या कानांना
टक् कुठून ऐकू येणार?
जुन्या फोनमधली थरथरणारी मोटर काढून बसवली.
बाबांनी हातात धरली, वाट पाहिली,
मग म्हणाले, हिल्का, हे माझं थरथरणं की त्याचं?
आम्ही दोघंही हसलो. मग मी ती मोटर काढून टाकली.

शेवटी विजेलाच समज दिली:
टोपी तापत जाते तसा प्रवाहाचा आलेख जिथे किंचित वाकतो
तिथे आपणहून थांब.
यात तीन आठवडे गेले, आणि जानेवारी.
आता पुदिना करपत नाही. वाफ येते, पांढरी, पातळ,
आणि खिडकीच्या थंड काचेवर
ओंजळभर धुकं बसतं.

एका संध्याकाळी ते सहज म्हणाले,
अंगठी ऊबदार लागते.
मी मोजली. एक्केचाळीस अंश.
कॉइलच्या बाहेर सांडलेल्या लहरी
सोन्यात शिरून गोल गोल फिरत होत्या.
राहू दे ना, म्हणाले. चार वर्षं गार होती.

मी फेराइटचं कवच चढवलं.
हा सुरक्षेचा प्रश्न आहे, बाबा,
असं दोनदा सांगितलं, मोठ्याने,
कारण त्यांना ऐकू येत नाही.

कवचाने पुष्कळसं अडतं.
वरचं तोंड तेवढं उघडं ठेवावं लागतं,
नाहीतर टोपी आत जाणार कुठून.
काल पाहिलं: यंत्र डाव्या हातात,
आणि अंगठीचं बोट उचलून
त्यांनी बरोबर त्या तोंडाच्या कडेवर टेकवलं होतं.
नऊ सेकंद. हात तसाच हलत होता, बोट मात्र ढळलं नाही.

मी ऑसिलोस्कोपकडे वळले,
पेन्सिलीच्या तुकड्याने उगाच बटण फिरवलं.
पडद्यावरची लहर जरा दबली होती,
दोन टक्के असेल, फार तर तीन.
एवढा ऱ्हास मी वहीत नोंदवत नाही.