धुळीचं वय

गुरुवारी पाणी नसतं, म्हणून बुधवारी रात्री.
न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ दहा मिनिटं मोकळा सोडायचा,
आरसा आंधळा झाला की बंद.
वाफ खाली बसते, बसताना हवेतली धूळ सोबत नेते.
मग फरशी पुसायची, स्टूल आत, स्टुलावर स्कॅनर.
खिडकीच्या फटीला ओला टॉवेल.
लोकरीचा स्वेटर बाहेर खुंटीला,
फेब्रुवारी असला तरी.

पलीकडची मधुराई सोसायटी पाडतायत.
दिवसभर ब्रेकर, रात्री दीडपर्यंत डंपर,
त्यानंतर कुठे कर्वेनगरचा डोळा लागतो.
मुलगा म्हणतो, दुकानात दे ना, चाळीस रुपये फ्रेम.
मी म्हणते, दुकानातली धूळ काय ओळखीची आहे?

अण्णांच्या निगेटिव्ह, सहा-सहाच्या पट्ट्या,
बटर पेपरच्या पाकिटांत. पाकिटांवर निळ्या शाईत
"फॅक्टरी, स्नेहसंमेलन", "द्वारकाचे डोहाळे",
किंवा नुसतंच "बरे आलेत".

रबरी फुग्यानं फुंकायचं, तोंडानं नाही.
तोंडानं फुंकलं की थुंकी उडते
आणि तिचा डाग चाळीस वर्षांनीही दिसेल.
टॉर्च आडवा धरला की कळतं
बोटभर पट्टीवर केवढी वस्ती आहे.
एक कण उडतो, घिरटी घेतो, फिरून तिथंच बसतो,
स्टँडवरच्या रिक्षावाल्यासारखा:
तिकडे नाही जाणार.

मशीनमध्ये धूळ हुडकणारा एक किरण आहे,
डोळ्यांना न दिसणारा.
रंगीत फिल्मवर ठीक चालतो.
काळ्यापांढऱ्यावर एकदा लावून बघितला,
तर त्याला चांदीच धूळ वाटली.
आत्याच्या गालाची, पदराची, मागच्या पर्वतीची
होती नव्हती तेवढी चांदी त्यानं केरात काढली.
उरलं ते मेणाचं कुणीतरी.
तेव्हापासून हातानं.

हातानं म्हणजे शेजारचं थोडं आभाळ उचलायचं
आणि ठिपक्यावर ठेवायचं.
पर्वतीच्या आभाळाला मी पंधरा ठिगळं लावली,
सांगितल्याशिवाय कळणार नाहीत.

द्वारकाआत्याच्या नाकावरचा पांढरा ठिपका पुसला.
तिसऱ्या फोटोत पुन्हा तिथंच. पुसला.
पाचव्यात हात थांबला.
चमकी होती ती.
पुढे काकांच्या ऑपरेशनला मोडली,
त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे.
मागे, मागे, आणखी एक मागे,
अशी बटणं दाबत परत आणली.
झोप कसली लागतेय मग?
आधीच्या पाकिटांतून काय काय गेलं असेल:
संक्रांतीचा एखादा पतंग,
हसणाऱ्या कुणाच्या दातावरचा उजेड.

तिथून रंग बघायला लागले.
पांढरा ठिपका आजचा.
मधुराईचा चुना, माझ्या गाऊनचं सूत,
जे आत्ता निगेटिव्हवर बसलंय ते.
काळा ठिपका तेव्हाचा.
उजेड फिल्मवर पडायच्या आधीच
जो मध्ये येऊन उभा राहिला तो.

"खडकी ७७"च्या पाकिटात
छत्तीसच्या छत्तीस फ्रेमना वरच्या कोपऱ्यात
एक बारीक काळा बाक आहे.
कॅमेऱ्याच्या आत अडकलेला केस.
लेथवर वाकलेले लोक, त्यांच्यावर तो.
कॅन्टीन, त्यावर तो. रिकामी सायकल, त्यावरही.
अण्णा स्वतः या रिळात कुठेच नाहीत.
रीळ भरताना वाकले असतील, उन्हाकडे पाठ करून,
भुवई जवळ आली असेल.
असंही असेल की ब्रशचा केस आहे,
किंवा कॅम्पातल्या ज्या दुकानातून कॅमेरा घेतला
तिथल्या मांजराचा.
मोठा करून बघितला, दोनशे टक्के, चारशे टक्के.
केस मोठा झाला, बाकी काही नाही.

राहू दिला.

साडेसातला ब्रेकर सुरू झाला.
खिडकीतला टॉवेल वाळून कडक झालेला.
झटकायला गॅलरीत नेला,
मग तशीच त्याची घडी घातली.