खुंट

गडग्यावर काहीतरी चढलं होतं
आणि त्याचं नाव कुणालाच सांगता येत नव्हतं.

मिठबावला, माझ्या भाड्याच्या घरामागे,
न्हाणीच्या सांडपाण्यावर पोसलेलं,
चिऱ्यांच्या फटींतून हात घालून
पलीकडे वायंगणकरांच्या बागेत उतरलेलं.
पहिल्या वर्षी माझी ओढणी फाडली.
तिसऱ्या वर्षी त्यांची शेळी अडकली,
रात्रभर ओरडली,
सकाळी रोहिदास वायंगणकर कोयता घेऊनच आले:
"बाई, ह्यां काय हा ता आधी सांगा.
मगे मी तोडतंय."

मी पाचवीला परिसर शिकवते.
सांगायला तर हवं होतं.

करवंद म्हणावं, तर डहाळी मोडली, चीक आला नाही.
घाणेरी म्हणावी, तर पान चुरगळून बोटं हुंगली:
नुसता हिरवा वास, काकडीच्या सालीचा,
आणि खोड चौकोनी नाही, गोल.
चिल्हार नव्हे. तोरण नव्हे.
वर्गात फांदी नेली, टेबलावर ठेवली.
मागच्या बाकावरून नाझमीन म्हणाली,
"बाई, गुलाबासारख्यां दिसता."
पोरं हसली. मीही हसले.
तीन वर्षांत एक कळी नाही,
गुलाब कसला?

फुलाशिवाय झाड ओळखायचं कसं,
हा धडा पुस्तकात नाही.

मग रविवारी उकिडवी बसले त्याच्यासमोर.
एका देठावर पानं सात, कुठे नऊ.
देठाच्या बुडाशी बारीक झालर,
दात पडलेल्या फणीसारखी.
काटे खाली वळलेले:
हात आत जातो,
परत येताना विचारून यावं लागतं.
वहीत सगळं लिहिलं.
नावाची जागा कोरी.

नाव आणलं गुणाजी जुवाटकरांनी,
चाळीस वर्षं हापूसची कलमं बांधलेल्या
आणि आता चहाच्या कपालाही थरथरणाऱ्या हातांनी.
त्यांनी पानांकडे पाहिलंही नाही.
काठीने बुडातली माती उकरली.
वीतभर खाली एक गाठ,
जुनी, फुगलेली,
आणि गाठीच्या माथ्यावर बोटाएवढा
काळा, मेलेला ठोंब.

"ह्यो बघा जोड.
वरचो गुलाब कधीचो मेलो.
ह्यो खालचो खुटो, जंगली.
कोणी फुटवे काढूक नाय,
म्हणान ह्यो मालक झालो."

घरमालकिणीला फोनवर आठवलं:
माझ्याआधी एक तलाठी राहायचे, मगदूम म्हणून,
मिरजेकडचे.
काळ्या पिशवीतलं रोप मांडीवर घेऊन
एस.टी.ने आले होते.
लाल फुललं. दोनदा.
मग त्यांची बदली झाली.

नाव मिळालं होतं.
आता तोडायला हरकत नव्हती.

रोहिदासनी कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली.
त्यांच्या पाठीमागे उतारावर दोनशे हापूस,
मोहरलेले, औषध मारलेले,
आणि प्रत्येकाच्या बुडाशी तसाच एक जोड.
जोडाखाली कुठल्यातरी रायवळाची कोय,
आंबट होती की गोड, कोण जाणे,
जिचा कोंब वर आला की
कुणीतरी नखाने खुडतं,
आणि जी तरीही
पाणी वर पोचवत राहते
दुसऱ्याच्या नावाच्या फळांना.

मी विचारलं, "तुमच्या ह्या झाडाचा खुंट कुठला?"

ते थांबले.
कोयत्याच्या मुठीने पाठ खाजवली.
"तो कोणाक म्हायती," म्हणाले,
आणि वाकून पहिला घाव घातला.

दुपारपर्यंत दोघांचेही हात
कोपरापर्यंत ओरखडलेले.
गडगा मोकळा झाला, चिरे ओले निघाले.
गाठीपर्यंत कोणीच खणलं नाही.
त्यांना चहा हवा होता,
आणि मी काही आठवण करून दिली नाही.

संध्याकाळी वही काढली.
झाडाचं नाव: गुलाब, खुंटाचा, रानटी.
फूल: पाहिलेलं नाही.
आणि खाली, आधी न आखलेल्या रकान्यात,
ओळखणाऱ्याचं नाव:
नाझमीन दर्वेश, इयत्ता पाचवी,
मागचा बाक.