खेकड्यांचा काटा

डॉक्टर, तुमच्या खोलीतला काटा दीडशे किलोला थांबतो.
मी त्याच्या पुढची.
म्हणून मंगळवारी रात्री, पाळी संपल्यावर,
कारखान्यातल्या खेकड्यांच्या काट्यावर उभी राहिले,
रबरी बूट काढून, ॲप्रन काढून,
केसांची जाळीसुद्धा काढून, जणू तिनं फरक पडणार होता.
लिअँडरनं पाठ फिरवली आणि विचारलं,
"टोपलीचं वजन वजा करू का, वर्ना?"
आम्ही दोघं इतके हसलो
की आकडा ठरेचना.
शेवटी ठरला. हा घ्या, लिहून आणलाय.
बर्फाचं पाणी लागून शाई पसरलीये थोडी,
पण तो सात आहे. एक समजू नका.

जुन्या डॉक्टर पेनींनी एकदा चिठ्ठी दिली होती.
सेंट जॉन्सवाल्यांची अट:
आधी पाच टक्के उतरवून दाखवा, मग शस्त्रक्रियेचं बोलू.
उतरवले. आठ महिने
उकडलेला कोबी, वाफवलेला कॉड,
आणि शेजारी बटाटे तळल्याचा वास आला की
खिडकी लावून मी एकटीच पत्ते मांडून बसायचे.
कोणाला सांगितलं नाही, दृष्ट लागेल म्हणून.

फेब्रुवारीत क्लाइड गेला.
आमच्या बेटावर सांत्वन शब्दांत येत नाही,
काचेच्या भांड्यात येतं, वर चीज वितळलेलं.
एकोणीस भांडी.
प्रत्येकाच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव.
भांडं रिकामं करूनच परत करायचं असतं.
मी सगळी परत केली.
एप्रिलमध्ये काटा म्हणाला, पहिले पाढे पंचावन्न.
त्याच महिन्यात सामुद्रधुनीत बर्फ अडकलं, बोट बंद,
माझी तारीख हुकली.
मग पत्र: फाइल बंद करण्यात येत आहे,
इच्छा असल्यास नवी चिठ्ठी आणावी.

इच्छा असल्यास.
दोन वर्षं ते पत्र फ्रिजवर होतं,
लॉब्स्टरच्या चुंबकाखाली.
दार उघडायला गेलं की आधी तेच दिसायचं.
मी तरी दार उघडायचे.

काय काय करून पाहिलं, विचारताय.
चर्चच्या तळघरात दर बुधवारी
सात बायकांसमोर काट्यावर चढले,
अर्धा किलो उतरला की टाळ्या,
चढला की मिसेस फोली नुसती खांद्यावर हात ठेवायची.
तो हात जास्त जड.
गोळ्या घेतल्या, त्यांनी भूक राहिली, झोप गेली.
नवं इंजेक्शन म्हणाल तर
कारखाना बंद असतो तेव्हा महिन्याला जे मिळतं
त्याहून ते महाग आहे.

तुमचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही, डॉ. ओगुंडिपे.
तुम्हीही फोगो चुकीचं म्हणालात, तेव्हा फिट्टंफाट.
टाइप करताना पडदा दिसला मला:
"आहारनियंत्रणात वारंवार अपयश."
खोटं नाही ते.
पण बावीस वर्षांत मी जेवढे किलो उतरवलेत
ते सगळे एकदम लादले तर क्लाइडची होडी बुडेल.
तेवढं कुठे लिहिता येईल का?
रकाना नसेल तर राहू द्या.

तुमची बोटं थांबली.
"होडी केवढी होती?"
अठ्ठावीस फूट, मी म्हटलं.
तुम्ही काहीतरी लिहिलंत.
मी मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं.

चौदा महिने लागतील म्हणे, तेही नशीब असेल तर.
आता धक्क्यावर रांगेत आहे मी.
बोटीवरचा पोरगा हातवारे करून गाड्या लावतोय,
दुधाचा ट्रक मधोमध, हलक्या गाड्या कडेला;
कोणाला वाईट वाटत नाही,
बोट सरळ राहायला हवी एवढंच.
शेजारच्या सीटवर अर्धं सँडविच आहे.
पहिलं अर्धं सकाळी खाल्लं, तुमच्या दारात, भीतीनं.
उरलेलं आता खातेय, भूक लागलीये म्हणून.
चव वेगळी लागतेय.
पोरगा मला बोलावतोय.
तोंड पुसते, चावी फिरवते.