बिजागरी

नागोयाच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावर
मी रेघा गिरवायचे.
विचार करणारे वेगळे. ते रात्रभर खोकायचे,
आकडेमोड करायचे, खोडायचे, पुन्हा खोकायचे.
मी त्यांच्या पेन्सिलीवरून शाईचा हात फिरवायचा,
श्वास रोखून,
म्हणजे रेघ थरथरत नाही.

माझ्या वाट्याला पंखाची बिजागरी आली.
बोटीवरची लिफ्ट अरुंद असते,
म्हणून विमानानं पंख दुमडून घ्यायचे,
न्हाणीतून कुडकुडत निघालेलं पोर
हात काखेत घेतं तसे.
हे मला तोमेकिचीनं सांगितलं होतं, माझ्या धाकट्यानं.
तो डेकवर विमानं ढकलायचा.
पत्रात लिहायचा, इथं वारा फार, भात बरा.
बोटीचं नाव काळं केलेलं असायचं,
शाई आमच्याकडे होती तीच.

इंजिनावरून वर्षभर भांडण.
आमच्या साहेबांना एक हवं, नौदलाला दुसरं.
मागितले होते बावीसशे घोडे,
दुबळे निघाले, विमान वर चढेना.
त्यात कारखान्याला धावपट्टी नाही, ट्रकला पेट्रोल नाही.
धड वेगळं, पंख वेगळे,
रात्री बैलगाडीत घालून चाळीस-पन्नास किलोमीटर
विमानतळावर न्यायचे.
गाडीवान इवामात्सु म्हणाला,
"तुमचे एवढे घोडे, आणि ओढतात माझे दोन बैल!"
आम्ही पोरी खिदळलो.
मग कंदील हलला, बैलांच्या बरगड्या दिसल्या.

ऑक्टोबरात रेडिओवर विजयाचे आकडे होते.
नोव्हेंबरात टेबलावर एक चिठ्ठी:
दुरुस्ती. पंखाची बिजागरी रद्द.
शेपटीखालचा आकडा रद्द.

हा आकडा उतरताना दोर पकडतो.
दोर बोटीवर असतो.

मी हिराइवासानांना विचारलं,
"मग बोटीवर उतरायचं कसं?"
त्यांनी चष्मा पुसला.
"वजन वाचतं," म्हणाले.
आणि पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला लागले.

शाई रबरानं जात नाही.
ब्लेडनं खरवडायची, अगदी हलक्या हातानं,
मग नखाच्या पाठीनं कापड घोटायचं,
नाहीतर पुढची रेघ फुटते.
सहा ड्रॉइंगं होती.
सहाव्यापर्यंत माझा हात चांगला बसला होता.
उजेडासमोर धरलं तेव्हा
बिजागरीच्या जागी कापड तेवढं पातळ दिसलं.

घरी आई रोज तीन वाट्या मांडायची.
तिसरीतलं रताळं गार झालं की
निम्मं मला, निम्मं परत भांड्यात.
मी खायचे.
डिसेंबरात भूकंप झाला, जिने खचले,
आठवड्याभरात वरून बॉम्बही आले,
ड्रॉइंगं खोक्यांत भरून आम्ही डोंगराकडच्या एका शाळेत गेलो,
बुटक्या बाकांवर गुडघे मुडपून
त्याच विमानाचं पुढचं विमान काढत बसलो.
ते अजून चढायचंच होतं.

सरकारी कागद फेब्रुवारीत आला.
आईनं तो देवघरातल्या दिव्याशी धरून
दोनदा वाचला. बोटीचं नाव त्यातही नव्हतं.
मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
"फुसाए," म्हणाली, "तू रडत का नाहीस?"

मी तिच्या पुढ्यातली तिसरी वाटी उचलली,
धुतली, पालथी घातली.
वजनाचं तिला
मी काही सांगितलं नाही.